विमानाच्या नाकांतील इंजिन



आजच्या भाषणाचा विषय खेळण्याचा आहे; पण खेळण्याचें वजन आठ किलोग्रॅम असलें आणि त्याच्या तोंडाशीं पेट्रोलचें इंजिन फिरत असलें, म्हणजे त्याला खेळणें म्हणतांना जीभ थोडी अडखळते. रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालविलीं जाणारीं मोठीं नमुना-विमानें आपल्याकडील हौशी तरुणही बांधतात. अशा घरांतील वडील माणसांना, 'हें उडेल काय, आणि उडालेंच तर कोणाच्या डोक्यावर पडेल काय,' अशी काळजी वाटते. ती रास्त आहे. तिचें उत्तर बव्हंशीं एका कामांत दडलेलें असतें: विमानाच्या नाकांत इंजिन कसें बसविलें आहे, यांत.

हा छंद अमेरिकेंत वाढीस लागला. तेथें पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, म्हणून या इंजिनालाही 'गॅस-इंजिन' असें नांव पडलें. १९३० नंतरच्या दशकांत फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन यांचें 'ब्राउन ज्युनिअर' हें चिमुकलें इंजिन बाजारांत आलें आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्या नमुन्यांना खरें बळ मिळालें. पुढें वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनीं अशा विमानाला रेडिओची जोड दिली. त्यांचें सुमारें ८ फूट पंखांचें 'गफ' हें विमान १९३८ सालीं डेट्रॉइट येथील राष्ट्रीय स्पर्धेंत पहिलें आलें. तें आतां अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. इंजिन आणि रेडिओ यांना एकाच सांगाड्यांत नांदवावें कसें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

पहिली गोष्ट मजबुतीची. आजचें ५० घन सेंटिमीटरचें, एका सिलिंडरचें टू-स्ट्रोक इंजिन घेऊं. तें मिनिटाला ७,००० फेरे करतें असें धरा. अशा इंजिनांत प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला सुमारें ११७ स्फोट, आणि तितकेच धक्के. हे धक्के सोसावयाचे कोणीं? तर ज्या प्लायवुडच्या भिंतीवर इंजिन चार बोल्टांनीं जखडलेलें असतें, तिनें. इंजिनाची ओढ पुढें असल्यामुळें ही भिंत सांगाड्यापासून सतत उपटलीही जात असते. तेव्हां ती नुसती कडांना चिकटवून भागत नाहीं. आंतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या बसवाव्या, बाजूंच्या फळ्यांतून भिंतीच्या कडेंत लाकडी खुंट्या ठोकाव्या, आणि जोडास इपॉक्सी वापरावें. बोल्टाखालीं रुंद वॉशर घालावा. नाहींतर आवळतांना लाकूड चेपतें आणि दोन उड्डाणांत बोल्ट सैल होतो. धातूंत धातू फिरतो तेथें आटे धरून ठेवणारा द्रव लावावा. पहिल्या दिवसाच्या उड्डाणांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हां पाना लावून पाहावा. सबंध भिंतीवर इपॉक्सीचा पातळ हात द्यावा, कारण तेल आणि पेट्रोल मुरलें कीं लाकूड व जोड दोन्ही दुबळे होतात.

दुसरी गोष्ट रोखाची. वैमानिकाच्या जागेवरून पाहतां पंखा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतो. त्यानें मागें फेंकलेला वारा पीळ खात जाऊन उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आदळतो आणि विमानाचें नाक डावीकडे वळूं पाहतें. यावर उपाय म्हणून इंजिनाचा रोख उजवीकडे दोनेक अंश ठेवतात. पण भिंतीपासून पंख्यापर्यंतचें अंतर १७० मिलिमीटर असेल, तर दोन अंशांच्या कलानें पंखा उजवीकडे सुमारें ६ मिलिमीटर सरकतो आणि विमानाच्या नाकाशीं जुळत नाहीं. म्हणून भिंतीवर छिद्रें पाडतांनाच मध्यबिंदू ६ मिलिमीटर डावीकडे घ्यावा. त्रिकोणमिति कशाला शिकावयाची, असें विचारणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. त्यांना हें उदाहरण अवश्य घालावें.

तिसरी गोष्ट तोलाची. विमानाचा तोल सामान्यतः पंखाच्या पुढल्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश अंतरावर यावा लागतो. नेमकी जागा आराखड्यांत दिलेली असते. येथें तरफेचा नियम लागतो. इंजिन तोलबिंदूच्या ४० सेंटिमीटर पुढें आणि शेपूट १२० सेंटिमीटर मागें असेल, तर शेपटीवर चढलेल्या प्रत्येक १०० ग्रॅमांसाठीं नाकांत ३०० ग्रॅम घालावे लागतात. नाकांत शिसें भरण्यापूर्वीं बॅटरी पुढें सरकवून पाहावी, आणि इंजिन भिंतीपासून किती पुढें ठेवावयाचें तेंही तोल पाहूनच ठरवावें. टाकी मात्र तोलबिंदूजवळ असावी, म्हणजे पेट्रोल संपत आलें तरी तोल ढळत नाहीं. या इंजिनांच्या कार्ब्युरेटरला बहुधा स्वतःचा पंप असतो, त्यामुळें टाकी मागें असली तरी चालतें. नाकजड विमान कसेंबसें उतरवितां येतें. शेपूटजड विमान हातचें जातें.

चवथी गोष्ट ठिणगीची, आणि ती रेडिओच्या श्रोत्यांना विशेष रुचेल. हर्ट्झ यांनीं १८८७ च्या सुमारास विद्युत्-लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीच्या साहाय्यानें. मार्कोनींचे आरंभीचे संदेशही ठिणगीनेंच गेले. म्हणजे पेट्रोल पेटविणारी प्रत्येक ठिणगी हें एक लहानसें ध्वनिक्षेपण-केंद्रच आहे, आणि तें विमानांतील ग्राहक-यंत्राच्या कानाशींच ओरडत असतें. रेडिओ लावलेला असतांना दारावरून फटफटी गेली कीं जी खरखर ऐकूं येई, तिचें एक कारण हेंच. घरांत त्या खरखरीनें गाण्याचा रसभंग होई; आकाशांत तिनें विमान क्षणभर बहिरें होतें. यासाठीं ठिणगीची पेटी आणि तिची स्वतंत्र बॅटरी नाकाकडे ठेवावी, आणि ग्राहक-यंत्र त्यांच्यापासून निदान ३० सेंटिमीटर दूर असावें. प्लगच्या तारेवरील धातूचें जाळीदार वेष्टन अखंड असावें, टोपी घट्ट बसलेली असावी. कार्ब्युरेटरची झडप ओढणारी सळई नायलॉनची घ्यावी. धातूची सळई ती खरखर मागें वाहून नेते. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओला हा उपद्रव पुष्कळ कमी होतो, पण म्हणून ही शिस्त सोडूं नये. इंजिन बंद असतां आणि चालू असतां, दोन्ही वेळां जमिनीवर रेडिओचा पल्ला मोजावा. दोहोंत ठळक फरक पडला, तर त्या दिवशीं विमान उडवूं नये.

आणखी दोन लहान सूचना. मिथॅनॉलच्या इंजिनांसाठीं मिळणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलनें फुगून निकामी होते. पेट्रोलचीच नळी मागून घ्यावी. आणि नाकावरच्या झाकणास हवा आंत येण्यासाठीं जेवढी वाट असेल, तिच्या दुपटी-तिपटीनें बाहेर जाण्यास असावी. नाहींतर गरम हवा आंतच कोंडते आणि इंजिन तापून अडतें.

आतां जिवाच्या जोखमीविषयीं. २२ इंचांचा पंखा वर सांगितलेल्या गतीनें फिरतो तेव्हां त्याच्या टोंकाचा वेग ताशीं ७०० किलोमीटरांहून अधिक असतो. इंजिन सुरू करतांना विमान दुसऱ्यानें मागून धरावें, आणि कोणीही पंख्याच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेंत उभें राहूं नये. जमिनीवरून ठिणगी तोडणारी कळ विमानांत असावी, आणि रेडिओचा संबंध तुटल्यास इंजिन आपोआप थांबेल अशी योजना करून ती प्रत्यक्ष पाहून घ्यावी. भारतांतील २०२१ सालच्या ड्रोन-नियमांनीं नमुना-विमानाची मर्यादा २५ किलोग्रॅम ठरविली असून तें नजरेच्या टप्प्यांतच उडवावें असें म्हटलें आहे. जागा निवडतांना तेथें उड्डाणास मोकळीक आहे कीं नाहीं, तें अगोदर पाहावें.

घरांतील तरुणानें असें विमान बांधावयास घेतलें, तर त्याला नको म्हणूं नये. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळीं नाकावरचें झाकण काढावयास सांगून त्याच्याशेजारीं बसावें, आणि एकेक बोल्ट, एकेक तार त्याच्याच हातानें तपासून घ्यावी. रंगविलेलें विमान मैदानावर सारेच पाहतात. झाकणाखालीं काय आहे तें घरच्या एका तरी माणसानें पाहिलेलें असावें.