दिशेचे ज्ञान आणि अलिबागची वेधशाळा



अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे ठाणे. पाहुण्याची दृष्टी स्वाभाविकपणेच तिकडे वळते. परंतु याच गावात एक अशी वास्तू आहे की जिच्यातील नोंदींकडे जगभरचे भूचुंबकशास्त्रज्ञ आदराने पाहतात. ती म्हणजे अलिबागची चुंबकीय वेधशाळा. एखाद्या वस्तूचे तोंड नेमके कोणत्या दिशेला आहे, हे चुंबकीय क्षेत्र मोजून कसे ठरवितात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आणि तो समजून घ्यायला या वेधशाळेसारखे दुसरे स्थान नाही.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना 1826 साली झाली आणि तेथे 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून परत जाताना काही अंशी जमिनीत पसरतो, आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र हे ओघानेच आले. पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म फेरफार टिपणारी कुलाब्याची उपकरणे त्यामुळे निरुपयोगी झाली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी हा धोका वेळीच ओळखला. मुंबईपासून सुमारे 30 किलोमीटरवरील अलिबागची निवड झाली. वेधशाळेच्या बांधकामात लोखंडाला मज्जाव करण्यात आला. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा अचूक जुळावा. विजेची ट्राम मुंबईत 1907 साली धावली, तेव्हा वेधशाळा आपले काम हलवून मोकळी झाली होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर संवेदकाच्या कार्यपद्धतीत आहे. आजच्या मोबाईलमध्ये परस्परांना काटकोनात असलेले तीन अतिसूक्ष्म चुंबकीय संवेदक असतात. प्रत्येक जण आपापल्या दिशेने क्षेत्राचा किती भाग येतो ते सांगतो. तिन्ही आकडे एकत्र केले की क्षेत्राची दिशा मोबाईलच्या सापेक्ष कळते, आणि म्हणून मोबाईलची दिशा उत्तरेच्या सापेक्ष सांगता येते. तत्त्व इतके सोपे आहे. अडचणी पुढे सुरू होतात.

पहिली अडचण अशी की, केवळ चुंबकीय क्षेत्रावरून वस्तूची संपूर्ण स्थिती कळू शकत नाही. क्षेत्राची रेषा हाच आस मानून वस्तू स्वतःभोवती फिरविली, तर तिन्ही आकड्यांत काहीच फरक पडत नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या दिशेचा आधार लागतो. मोबाईलमध्ये हा आधार गुरुत्वाकर्षणाचा असतो. खाली कुठे आहे हे दुसरा संवेदक सांगतो. तो नसेल तर काय होते? अलिबागजवळ पृथ्वीचे क्षेत्र क्षितिजाशी सुमारे 25 अंश खाली झुकलेले आहे. लाटेवर होडी दहा अंश कलली आणि संवेदकाला त्याचा पत्ता नसला, तर दिशेत पाच अंशांपर्यंत चूक होऊ शकते. पाच अंश म्हणजे दहा किलोमीटरच्या वाटचालीत पाऊण किलोमीटरहून अधिक फरक. खडकाळ किनाऱ्याजवळ, धुक्यात वा रात्री, तांडेलाला एवढी चूक परवडणारी नाही. उपग्रहांच्या साहाय्याने आपण कोठे आहोत हे कळते. परंतु साध्या यंत्रावर थांबलेल्या होडीचे तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. तेथे आजही होकायंत्रच लागते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. होडीचे इंजिन, लोखंडी नांगर, मोबाईलमधील ध्वनिवर्धकाचे चुंबक हे सारे आपले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळतात. संवेदक प्रामाणिकपणे या साऱ्याची बेरीज सांगतो. मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरविण्याची सूचना अनेकांनी पाहिली असेल. त्यामागील युक्ती सुंदर आहे. निर्मळ जागी संवेदक सर्व दिशांना फिरविला, तर त्याचे आकडे शून्याभोवतीच्या एका गोलावर पडतात. यंत्रातच चुंबक असेल तर हा गोल बाजूला सरकतो. जवळ साधे लोखंड असेल तर तो अंड्यासारखा लांबटतो. सरकलेला मध्य पुन्हा शून्यावर आणणे आणि अंड्याचा पुन्हा गोल करणे, हीच सुधारणा. मोठ्या जहाजांवर होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे बसवीत, ते याचसाठी.

तिसरी गोष्ट, चुंबकीय उत्तर म्हणजे खरी उत्तर नव्हे. आपल्या किनाऱ्यावर हा फरक एक अंशाहूनही कमी आहे. न्यूझीलंडमध्ये तो वीस अंशांच्या घरात जातो, आणि सर्वत्र तो वर्षानुवर्षे बदलत राहतो. म्हणून पृथ्वीच्या क्षेत्राचा गणिती नकाशा दर पाच वर्षांनी नव्याने तयार करावा लागतो. त्यासाठी उपग्रहांबरोबर भूमीवरील वेधशाळांच्या नोंदीही लागतात.

हा नकाशा आकाशातही उपयोगी पडतो. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘प्रथम’ हा लघुउपग्रह 2016 साली अवकाशात गेला. आपली स्थिती ओळखण्यासाठी त्यात चुंबकीय संवेदक होते आणि वळण्यासाठी विद्युतचुंबकीय वेटोळी. त्याच वर्षी गेलेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ‘स्वयम्’ने तर साध्या चुंबकाच्या बळावर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळवून घेण्याची पद्धत स्वीकारली. मराठी मुलखातील विद्यार्थ्यांची ही कामगिरी अभिमानास्पद आहे.

सातत्याने ठेवलेल्या नोंदीचे मोल किती, याचे एकच उदाहरण पुरे. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. त्याची कुलाब्याची नोंद जपून ठेवलेली होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2003 साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या दिवशी क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आल्याचे त्या नोंदीत दिसते. आजच्या वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना अशा वादळाचा धोका किती, हे जोखताना जग या कुलाब्याच्या आकड्याचा आधार घेते. 1859 साली ज्याने ती नोंद लिहिली, त्याला तिचा उपयोग काय होणार हे माहीत असणे शक्य नव्हते.

अलिबागची वेधशाळा आज याच संस्थेच्या अखत्यारीत आहे. संस्थेचे मुख्यालयही नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. रायगडचा किनारा आता पूर्वीसारखा निवांत राहिलेला नाही. वस्ती, वाहने, पोलादी बांधकामे, विजेचे जाळे हे सारे वाढते आहे, आणि विकास नको असे कोणीही म्हणणार नाही. मूस यांच्या काळीही कोणी ट्राम अडविली नाही. मात्र ट्राम येण्यापूर्वी विचार झाला, पर्यायी जागा शोधली गेली आणि दोन वर्षे शांतपणे सांधा जुळविला गेला. आज वेधशाळेच्या आसमंतात काहीही उभारताना तेवढाच विचार आधी व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. तुटलेली इमारत पुन्हा बांधता येते. तुटलेली नोंद पुन्हा घेता येत नाही.

अलिबागच्या शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना किल्ला दाखवावा, तसाच या वेधशाळेचा इतिहासही सांगावा. साध्या होकायंत्राजवळ एक खिळा नेऊन सुई कशी ढळते, एवढा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. तो पाहिलेल्या मुलाला अलिबागला वेधशाळा का आली, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.