रेनो नदीचा तंटा आणि इटलीतील गणिती



गणिती म्हटला की खोलीत बसून कागदावर आकृत्या काढणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. नदीकाठच्या चिखलात उभा राहून पात्राचे माप घेणारा, पाण्याखाली गेलेल्या शेतांची पाहणी करणारा आणि बांध कोठे घालावा याविषयी राज्यकर्त्यांना लेखी अभिप्राय देणारा गणिती सहसा कोणाला आठवत नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इटलीमध्ये मात्र असे गणिती एकामागून एक होऊन गेले. त्यांपैकी अनेकांना या कामात ओढले ते रेनो नावाच्या एका नदीने.

रेनो अपेनाइन पर्वतात उगम पावून बोलोन्या शहराजवळून उत्तरेच्या सपाट प्रदेशात उतरते. पूर्वी ती पो या महानदीच्या फेराराजवळून वाहणाऱ्या शाखेला मिळत असे. ही शाखा गाळाने भरत चालली, तेव्हा ती उपसता यावी म्हणून १६०४ मध्ये पोप आठवे क्लेमेंट यांच्या आज्ञेने रेनोचे पाणी तात्पुरते दलदलीच्या सखल भागात सोडण्यात आले. उपसणीचे काम तडीस गेले नाही आणि ‘तात्पुरते’ या शब्दाची मुदत दीडशे वर्षांहून अधिक लांबली. सरकारी कागदांतील हा शब्द सर्वच देशांत दीर्घायुषी असतो! इकडे बोलोन्याच्या बाजूची सुपीक जमीन पाण्याखाली जाऊ लागली. रेनो मुख्य पो नदीत सोडावी, ही बोलोन्याची मागणी. तसे केल्यास पोचे बांध फुटून आपला प्रदेश बुडेल, ही फेराराची भीती. दोन्ही शहरे पोपच्याच राज्यातली. त्यामुळे निवाडा रोममध्ये व्हावयाचा होता.

रेनो मिळाल्यावर पोची पातळी किती चढेल, हा वादाचा गाभा होता. त्याचे उत्तर द्यावयाचे तर आधी वाहते पाणी मोजता आले पाहिजे, आणि नेमके तेच कोणाला नीट येत नव्हते. १५९८ मध्ये टायबर नदीला मोठा पूर येऊन रोम जलमय झाले, त्यानंतर वास्तुविशारद जोव्हानी फोंताना याने टायबरला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांच्या पुराचे छेद मोजून त्यांची बेरीज केली. ती रोममधील एका पुलाखालून गेलेल्या पुराच्या छेदापेक्षा कितीतरी मोठी भरली. एवढे पाणी त्या पुलाखालून गेले तरी कसे?

हे कोडे सोडविले बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी. हे बेनेडिक्टाइन पंथाचे साधू, गॅलिलिओचे शिष्य आणि गणिताचे अध्यापक. १६२५ मध्ये मोन्सिन्योर कोर्सिनी यांच्या पाहणीत ते रेनोच्या प्रदेशात हिंडले आणि १६२८ मध्ये वाहत्या पाण्याच्या मापनावर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, पात्राची रुंदी आणि खोली मोजून भागत नाही, वेगही मोजला पाहिजे. नदीच्या प्रत्येक छेदातून समान काळात समान पाणी जाते. जेथे छेद लहान, तेथे वेग अधिक. पुलाखालून पाणी धावत गेले, म्हणून ते थोडक्या जागेत मावले. आज पावसाळ्यात धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले असे आपण ऐकतो, त्या आकड्यामागे छेद आणि वेग यांचा हाच गुणाकार असतो. याच कास्तेल्लींनी १६३९ मध्ये त्रासिमेनो सरोवराच्या पाण्याचा विचार करताना काचेचे भांडे उघड्यावर ठेवून पाऊस मोजला होता.

गणित्यांचा सल्ला नेहमी अचूक ठरे असे मात्र नाही. बिसेंझियो नदीची वळणे काढून तिला सरळ करावे काय, असा प्रश्न तस्कनीत निघाला, तेव्हा खुद्द गॅलिलिओने १६३१ मध्ये त्याविरुद्ध अभिप्राय दिला. दोन टोकांमधील उतार एकूण सारखाच असेल, तर सरळ आणि वाकड्या मार्गाने पाणी जवळजवळ सारख्याच वेगाने जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. घरंगळणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत जे खरे, ते त्याने नदीला लावले. तळ आणि काठ यांच्या घर्षणाचा हिशेब त्यात राहून गेला.

रेनोच्या कामी १६५७ मध्ये बोलोन्याने ज्योतिषशास्त्राचे अध्यापक कासिनी यांना नेमले; हेच पुढे पॅरिसच्या वेधशाळेत गेले. त्यांच्यानंतर दोमेनिको गुल्येल्मिनी १६८६ मध्ये बोलोन्याच्या जलकामांचे अधीक्षक झाले. १६९४ मध्ये तेथील विद्यापीठात त्यांच्यासाठी जलमापनाचे स्वतंत्र अध्यासनच निर्माण झाले आणि १६९७ मध्ये नद्यांच्या स्वभावावरील त्यांचा ग्रंथ निघाला. नदी आपले पात्र आपणच घडविते, आणि पाणी जितके अधिक, तितक्या कमी उतारावरही ती गाळ वाहून नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या न्यायाने रेनो पोला मिळाली, तर पोचा तळ चढण्याचे कारण नव्हते.

फेराराला हे पटणे शक्य नव्हते. मांतुआलाही आपल्या बांधांची काळजी होती. आणि तेथील जोव्हानी चेव्हा हा सामान्य गणिती नव्हे. त्रिकोणातील एकसंपाती रेषांचा त्याचा सिद्धांत आपल्याकडील भूमितीचे विद्यार्थीही जाणतात. १७१६ मध्ये त्याने बोलोन्याच्या योजनेविरुद्ध पुस्तक लिहिले. बोलोन्यातर्फे युस्ताकिओ मान्फ्रेदी यांनी उत्तर दिले. दोघेही उत्तम गणिती, पाणी तेच, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध! बाजू घेतल्यामुळे बुद्धी झुकली असेल, हे नाकारता येत नाही. परंतु गाळ आणि घर्षण यांची खात्रीची मोजमापे कोणापाशीच नव्हती, हे त्याहून मोठे कारण होते. उतार आणि वेग यांचा व्यवहारोपयोगी संबंध फ्रान्समध्ये शेझी यांनी मांडला, तो १७७५ च्या सुमारास. तोवर रेनोकाठच्या कित्येक पिढ्यांनी पाण्यातच पेरण्या केल्या होत्या.

मूळचे बोलोन्याचे असलेले पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या काळात खोदलेला कालवा गाळाने लवकरच निकामी झाला. शेवटी १७६० नंतर पोप तेरावे क्लेमेंट यांनी मिलानचे जेझुइट गणिती आंतोनियो लेक्की यांच्याकडे काम सोपविले. त्यांनी रेनोला पो नदीत सोडलेच नाही. प्रिमारो या पोच्या जुन्या शाखेच्या पात्राने तिला थेट एड्रियाटिक समुद्राकडे वळविले. काम त्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. रेनो आजही त्याच वाटेने समुद्राला मिळते.