आपल्या गावचा रेडिओ

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रेडिओ म्हटला की आपल्याला मुंबई-पुण्याची केंद्रे आठवतात. परंतु सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडसारख्या लहान गावी, २००८ साली ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू झाले. हरियाणातील मेवात या मुस्लिमबहुल आणि शिक्षणात मागे राहिलेल्या भागात २०१२ साली ‘अल्फाज-ए-मेवात’ सुरू झाले.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सेवाभावी संस्थांना अशी केंद्रे काढण्याची वाट मोकळी झाली. यंत्र लहानसेच असते. प्रक्षेपकाची शक्ती ५० वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या बल्बएवढी! त्यावर दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत, ही अट मला फार आवडते.

दुसरी अट मात्र खटकते. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. नगरपालिकेच्या सभेत काय ठरले ते वृत्तपत्राने छापावे, पण गावच्या रेडिओने सांगू नये, हा कोणता न्याय? तथापि नियम नीट वाचला पाहिजे. पाणी, वीज, हवामान, आरोग्याच्या सूचना, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी हे सारे त्यात बातमी मानलेले नाही. आपल्याला अडते ते नेमके येथेच. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर धावत येणारे पालक मी दरवर्षी पाहतो. सूचना फलकावर लागते. अब्बा आखातात आणि अम्मीला फलकापर्यंत येणे जमत नाही. मोबाईलवर निरोप पुष्कळ येतात, पण खरा कोणता? अफवेला नाव-गाव नसते. रेडिओवर बोलणारी मुलगी कोणाची, हे मात्र सारा मोहल्ला जाणतो.

उर्दू माध्यमातील आपली मुले मराठी समजतात, परंतु चारचौघांत बोलताना अडखळतात. हा दोष बुद्धीचा नव्हे, सवयीचा आहे. मुलीचा आवाज घराबाहेर जाऊ नये, असे मानणारे काही पालक येथे बसले आहेत. त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. आपल्या मुलीने प्रवेशाच्या तारखा वाचाव्यात आणि शेजारच्या घरातील मुलाचा अर्ज वेळेवर जावा, यात गैर काय, एवढेच त्यांना विचारतो.

तीन वर्षे काम केलेली नोंदणीकृत संस्था परवान्यासाठी अर्ज करू शकते. आपल्या संस्थेने ती अट केव्हाच पुरी केली आहे. खोली व यंत्रे यांच्या खर्चाचा विचार कार्यकारिणी करील. मला आज पैसे नकोत. येत्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर मी वाचनाचा सराव घेणार आहे. ध्वनिमुद्रणाला माझा मोबाईल पुरेल. त्यासाठी आठवी ते बारावीची दहा मुले हवीत, त्यांत निम्म्या मुली. नावे आजच कार्यालयात द्यावीत.