कारंजा लाड : एका बाजारगावाचा कुलेतिहास

इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी असे ठरले. त्यामुळे तेथील एखाद्या बाजारगावातील सामान्य सुताराच्या घराण्याचाही माग पिढ्यानुपिढ्या काढता येतो. वऱ्हाडात अशी एकच वही कधी नव्हती. येथील कुळांच्या नोंदी कोणी पुण्यासाठी केल्या, कोणी साऱ्यासाठी, तर कोणी व्यापाराच्या शिस्तीसाठी. म्हणून नोंद कोणत्या हेतूने झाली हे ओळखल्याशिवाय ती वाचता येत नाही. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे.

कारंज्याची श्रीमंती जुनी आहे. डिसेंबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने हे शहर लुटले, तेव्हा लूट वाहून नेण्यास चार हजार बैल आणि गाढवे लागली, गावातील धनिकांना ओलीस नेण्यात आले आणि त्यांतील सर्वांत मोठा मात्र स्त्रीवेषात निसटला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी नोंदवले आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची यात्रा केलेल्या शीलविजय या जैन यतीने आपल्या तीर्थमालेत, म्हणजे तीर्थांच्या पद्यमय वर्णनात, कारंज्याच्या भोज संघवी या बघेरवाल धनिकाचे आणि त्याच्या अर्जुन व शीतल या पुत्रांचे वर्णन केले आहे. निसटलेला धनिक हाच असावा, असा तर्क मोहक आहे खरा. परंतु नावाचा दुवा नसताना तो करणे म्हणजे इतिहासाऐवजी कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगणे होय. उंटांवर लादून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन ती एका सावकाराने घराच्या बांधकामात मिसळली, ही ती गोष्ट गावात आजही आवडीने सांगितली जाते.

कुलेतिहासाचे खरे भांडार जैन मंदिरांत आहे. कारंज्यात बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या दिगंबर परंपरांची मंदिरे असून येथे भट्टारकांची, म्हणजे मठाधिपती धर्मगुरूंची, पीठे होती. मूर्तीची प्रतिष्ठा झाली की तिच्या पीठावर शक किंवा संवत, तिथी, प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकाची गुरुपरंपरा, आणि त्यापुढे दात्याची ज्ञाती व गोत्र, त्याचे नाव, त्याची भार्या आणि पुत्र असा क्रम कोरण्याची रीत होती. राजस्थानातील बघेरा या स्थानावरून ओळखल्या जाणाऱ्या बघेरवाल ज्ञातीची कुळे या लेखांतून पिढीमागून पिढी जुळवता येतात, कारण एकाच गोत्रातील आजोबा आणि नातू वेगवेगळ्या मूर्तींवर भेटतात. विद्याधर जोहरापूरकर यांनी अशा लेखांच्या आणि ग्रंथप्रशस्तींच्या, म्हणजे पोथीच्या अखेरीस लिहिलेल्या माहितीच्या, आधारे १९५८ साली ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा हेतू गुरुपरंपरा लावण्याचा होता. तथापि त्याच सामग्रीतून गृहस्थांची कुळेही हाती येतात, आणि त्यांत स्त्रिया नावानिशी आहेत, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. जमिनीच्या जुन्या कागदांत जी पत्नी क्वचितच सापडते, ती येथे पतीच्या नावाला लागून उभी आहे. अर्थात, मूर्ती घडवण्याची ऐपत ज्या घराची नव्हती, ते घर या इतिहासात नाही.

हैदराबादच्या निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि कापसाने गावाचे रूप पालटले. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार, म्हणजे वजनमाप आणि दलाली यांवर नियम असलेला बाजार, सुरू झाला. तो भारतातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो. पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत इतरत्रही नेली.

याच राजवटीत गावोगाव आलेले कोतवाल बुक हे वऱ्हाडातील पॅरिशच्या वहीच्या सर्वांत जवळचे साधन होय. गावकामगार असलेल्या कोतवालाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वहीत जन्म आणि मृत्यू जातीच्या उल्लेखासह नोंदवले जात, आणि त्यामुळे मूर्तिलेखांनी वगळलेला मजूर, कुणबी, महार येथे प्रथमच दिसतो. जातपडताळणीसाठी तिच्या नकला आजही मागितल्या जातात. परंतु अनेक नोंदींत बापाचे नाव असून अपत्यापुढे केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, आणि विवाहाची नोंद तर मुळीच नसते. इंग्रजी वहीत दोन कुळांना जोडणारा जो सांधा विवाहाच्या पानावर सापडतो, तो येथे निखळतो, आणि लेक सासरी गेली की कागदातूनही गेली, असे होते.

शोध घेणाऱ्याला आणखी एक अडचण प्रशासनाने दिली आहे. पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यात असलेले हे गाव १९०५ च्या पुनर्रचनेपर्यंत अमरावती जिल्ह्यात होते, नंतर अकोला जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ पासून नव्या वाशीम जिल्ह्यात आले. म्हणजे वाड्याचा उंबरठा न ओलांडताही एखाद्या घराण्याने तीन जिल्हे पाहिले. तेव्हा पणजोबांचा कागद शोधताना केवळ वाशीमच्या कचेरीत थांबून चालत नाही, अकोला आणि अमरावती येथील अभिलेखही पाहावे लागतात. आणि पणजीचे नाव हवे असल्यास ते बहुधा त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यजमानांच्या वंशावळी राखणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत, श्राद्धासाठी गेलेल्या एखाद्या वंशजाने सांगितलेल्या पिढ्यांत मिळू शकते.