फोनवर दिसणारा नंबर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते कोणाच्याही घरी घडू शकते, म्हणून चार शब्द सांगते.

श्रावणात एका सकाळपासून मला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. एक गृहस्थ म्हणाले, "आत्ता तुम्हीच फोन केलात ना? खाते बंद होईल, आकडा सांगा म्हणालात." मी तर त्या वेळी कणीक मळत होते. एका बाईंनी मला चोरटी म्हटले. एकाने तर शिव्याच दिल्या. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. आमचे हे म्हणाले, "नंबरच बदलून टाक." पण बँक, गॅस, आधार, मुलांची शाळा, सगळीकडे तोच नंबर दिलेला. शिवाय चोराने आपले नाव घेतले म्हणून आपण का नाव टाकायचे?

माझा भाचा मोबाइलच्या कामातला. त्याने समजावून सांगितले. माझा फोन कोणी घेतला नव्हता, की सिमकार्ड चोरले नव्हते. टपालाच्या पाकिटावर पाठवणाराचे नाव कोणीही काहीही लिहावे, पोस्टमन ते तपासत नाही. तसेच इंटरनेटवरून फोन करणारे लबाड लोक स्वतःचा नंबर झाकून दुसऱ्याचाच पुढे करतात. मात्र त्या नंबरावर उलट फोन केला, की तो खऱ्या मालकाकडेच जातो. म्हणून ती रागावलेली माणसे माझ्यापर्यंत पोहोचली.

भगिनींनो, यातच आपला बचावही आहे. बँकेचा, पोलिसांचा, अगदी आपल्या लेकाचा नंबर दिसला आणि पलीकडचा माणूस घाईने पैसे किंवा ओटीपी मागू लागला, तर फोन ठेवून द्यावा. मग पासबुकावरचा किंवा आपल्याकडे लिहून ठेवलेला नंबर स्वतः फिरवावा. आपण लावलेला फोन त्या चोराकडे जात नाही.

आणि आपल्याच नंबराची अशी नक्कल झाली तर? रागावलेल्या माणसाशी भांडू नये. मी प्रत्येकाला एवढेच सांगे, "दादा, हा फोन मी केलेला नाही. माझा नंबर कोणी वापरतो आहे. तुम्ही पैसे दिले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा." बहुतेकजण शांत झाले. एका ताईंनी तर क्षमाही मागितली. नातेवाइकांना आणि आळीत मी आधीच कळवून ठेवले. मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार दिली. सरकारच्या 'संचार साथी'वर माझ्या नावाने दुसरे कार्ड चालू नाही ना, तेही भाच्याकडून पाहून घेतले. तिथेच 'चक्षू' म्हणून सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची तक्रार तिथे करता येते. काही दिवसांत ते फोन आपोआप थांबले, कारण हे लोक एका नंबरावर फार काळ राहत नाहीत.

सरकारही स्वस्थ नाही. परदेशातून भारतीय नंबराच्या वेषात येणारे फोन अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २४ तासांतच असे १ कोटी ३५ लाख फोन अडवल्याचे जाहीर झाले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फोनच्या ओळखीत असा फेरफार करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तरी सगळेच फोन अडत नाहीत. घराची कडी आपल्यालाच लावावी लागते.

माझी एक विनंती आहे. उद्या तुम्हाला असा फोन आला, तर त्या नंबराच्या मालकिणीला लगेच दूषणे देऊ नका. ती बिचारी आपल्यासारखीच कोणी घरात काम करीत असेल. आणि मंडळातल्या ज्या म्हाताऱ्या मावश्या एकट्या राहतात, त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत १९३० लिहून ठेवण्याचे काम आपण वाटून घेऊ या.