लहान मुले आणि कडक गोळ्या
(बुऱ्हाणपूर येथे माता, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खव्याची जिलेबी आणि दराबा यांसाठी ज्या बुऱ्हाणपूरचे नाव दूरवर घेतले जाते, तेथे मिठाईविरुद्ध बोलण्यास मी उभा नाही. माझे सांगणे एका वस्तूपुरते व एका वयापुरते आहे. चार वर्षांखालील मुलास कडक गोळी देऊ नये. लिमलेटची गोळी, खडीसाखरेचा खडा, रेवडी, चिक्की व संक्रांतीचा काटेरी हलवा हे सर्व पदार्थ त्यात आले. शेंगदाणा, फुटाणा आणि बोराची बी यांचाही धोका तोच आहे.

हा धोका दातांच्या किडीचा नव्हे, श्वासाचा आहे. अन्ननलिका व श्वासनलिका यांची तोंडे घशात शेजारी शेजारी असतात. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. परंतु तोंडात गोळी असताना मूल हसले, रडले किंवा धावताना धापले, की आत ओढलेल्या श्वासाबरोबर गोळीही आत जाऊ शकते. बाळाची श्वासनलिका साधारणतः त्याच्या करंगळीएवढी असते. शिवाय पुढचे दात आधी येतात आणि चावून बारीक करणाऱ्या दाढा पुऱ्या येण्यास अडीच वर्षे लागतात. त्यानंतरही नीट चावून खाण्याची सवय लागण्यास काही काळ जावा लागतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही चार वर्षांखालील मुलांना कडक गोळ्या व शेंगदाणे देऊ नयेत, असाच सल्ला देते.

‘गोळी साखरेचीच आहे, विरघळून जाईल,’ असे पुष्कळजण म्हणतात. हा समज घातक आहे. पाक आटवून केलेली गोळी काचेसारखी कठीण असते व लाळेने निसरडी होते. ती विरघळण्यास बराच वेळ लागतो. मेंदूला मात्र प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. शेंगदाणा तर विरघळत नाहीच, उलट ओलाव्याने फुगतो.

आता आपल्या सणांचा विचार करू. संक्रांतीनंतर आपल्या घरोघरी बोरनहाण होते. बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालतात, डोक्यावरून बोरे, हलवा, गोळ्या व उसाचे करवे ओततात आणि भोवतालची मुले ते वेचण्यासाठी झुंबड करतात. हा कौतुकाचा सोहळा बंद करावा असे मी म्हणत नाही. मात्र बाळावर फुलांच्या पाकळ्या ओताव्यात आणि बोरे व हलवा ताटात ठेवून मोठ्या मुलांना नंतर बसवून वाटावा. दागिन्यांतील हलव्याचा एखादा दाणा निसटला तर तो बाळाच्या तोंडी जाण्यास क्षणही लागत नाही. म्हणून फोटो काढून होताच दागिने उतरवावेत आणि जमीन झाडून घेतल्यावरच बाळास खाली सोडावे.

शिक्षक व अंगणवाडी सेविकांना एक विनंती आहे. १५ ऑगस्ट व २६ जानेवारी रोजी झेंडावंदन झाल्यावर मूठभर गोळ्या वाटण्याची प्रथा जुनी आहे. मुले त्या तोंडात टाकून धावत घरी निघतात आणि घरी धाकट्या भावंडालाही एक देतात. आपला जिल्हा केळीचे आगर आहे. त्या दिवशी केळे किंवा मऊ लाडू द्यावा, आणि मुलांनी तो बसून खावा.

एवढी काळजी घेऊनही प्रसंग ओढवला तर काय करावे? मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर त्यास खोकू द्यावे. पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये. बोटाने गोळी अधिक खोल जाते. परंतु आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडू लागले असतील, तर एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने तत्काळ उपाय सुरू करावा.

एक वर्षाखालील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या हाडावर मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. बाळाचे पोट दाबू नये. एक वर्षावरील मुलास पुढे वाकवून पाठीत पाच थापा माराव्यात; नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर व बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून पाच वेळा आत व वर असा झटका द्यावा. पोटावरील हा उपाय अमेरिकन शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडला. गोळी निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. मूल बेशुद्ध झाल्यास कठीण जागेवर निजवून छातीवर दाब व तोंडाने श्वास देणे सुरू करावे. गोळी डोळ्यांना दिसली तरच काढावी.

आणखी एक सूचना. ठसका लागून खोकला थांबला म्हणजे संकट टळले, असे समजू नये. वस्तू खाली एका फुप्फुसाच्या नळीत अडकून बसते आणि पुढे घरघर, ताप व वरचेवर न्यूमोनिया होतो. डॉक्टरांना ‘त्या दिवशी शेंगदाणा खाताना ठसका लागला होता’ हे अवश्य सांगावे. त्या एका वाक्यावरून दुर्बिणीच्या तपासणीची दिशा मिळते.

बंधु-भगिनींनो, इंदूरची मोठी रुग्णालये येथून सुमारे १८० किलोमीटरवर आहेत. गावातील दवाखानाही चार मिनिटांत गाठता येईलच असे नाही. ती पहिली चार मिनिटे आई, आजी, गुरुजी व अंगणवाडीताई यांच्याच हाती असतात. म्हणून हा उपाय आरोग्य कार्यकर्त्यांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा आणि त्याची वेळच येऊ नये यासाठी कडक गोळीचा डबा काही वर्षे उंच फळीवर ठेवावा. मुलाचे तोंड गोड करण्यास आपल्या गावात मऊ पदार्थांची वाण नाही.