अंतराळातले ऊन

परवा निघोज्याच्या शाळेत गेलो होतो. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत १८ दिवस अंतराळस्थानकात राहून आले, ती हकीकत सांगत होतो. एका मुलाने विचारले, "सर, वर ढग नाही, हवा नाही. मग त्यांना ऊन बाधलं नाही का?"

प्रश्न लाखमोलाचा! आपल्या डोक्यावर हवेचे जाड पांघरूण आहे. पृथ्वीचे चुंबकत्वही सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण बरेचसे वळवून लावते. ४०० किलोमीटरवर चुंबकत्वाचा आडोसा पुष्कळ उरतो, पण पांघरूण जाते. विश्वकिरण धरून तेथे दिवसाला निदान ०.५ मिलिसीव्हर्ट एवढी किरणमात्रा अंगावर येते. जमिनीवर नैसर्गिक मात्रा सरासरी वर्षाला २.४. म्हणजे वर्षाची बेरीज वर पाच दिवसांत पुरी! १८ दिवसांचे किती, ते तुम्हीच काढा.

हे मोजतात कसे? दवाखान्यात क्ष-किरण यंत्र चालवणाऱ्याच्या छातीवर लहानसा बिल्ला असतो. त्यातले स्फटिक किरणांची शक्ती साठवतात आणि तापविले की ती उजेड होऊन बाहेर पडते. उजेड जास्त, तर मात्रा जास्त. असेच स्फटिक अंतराळातही नेतात.

पण पर्जन्यमापक कालचा पाऊस सांगतो, उद्याची गारपीट नव्हे. सूर्याची गारपीट म्हणजे सौरवादळ. ऑगस्ट १९७२ मध्ये असे प्रचंड वादळ झाले. अपोलो १६ चे वीर एप्रिलमध्येच परतले होते आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघाले. मध्ये कोणी चंद्रावर असते, तर आजारीच पडले असते. तेथे चुंबकत्वाचा आडोसाही नाही.

म्हणून सूर्यावर राखण हवी. २०२३ मध्ये निघालेले आपले आदित्य एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून ती करते. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडली. स्फोटाचा उजेड सुमारे आठ मिनिटांत पोहोचतो, घातक कण त्याच्या मागून येतात. तेवढ्या अवधीत अंतराळवीरांनी जाड भिंतीआड जायचे.

त्या मुलाला मी म्हटले, "बाधतं बाळा, म्हणून तर मोजतात." शिक्षक बंधुभगिनींनो, एवढा गुणाकार उद्या फळ्यावर जरूर मांडा.